पावसाळ्यासाठी मडगार्ड : प्रकल्प नोंदी, सातारा

४ मे

काम हाती घेतलं: सायकलीला पूर्ण लांबीचे मडगार्ड बसवायचे, मृग लागायच्या आत.

सायकल हायब्रीड, गडद हिरवी, ७०० × ३५ टायर, व्ही-ब्रेक (रिमला दोन्हीकडून दाबणारे). चिमट्याच्या (पुढचं चाक धरणाऱ्या फाट्याच्या) बुडाशी आणि मागच्या हबाजवळ (चाकाच्या मध्याजवळ) मडगार्डच्या सळ्यांसाठी आटे पाडलेली भोकं आहेत. बऱ्याच नव्या सायकलींना ती नसतात, मग सगळा पट्ट्या आणि क्लिपांचा कारभार होतो.

रोजची वाट शुक्रवार पेठ, पोवई नाका, बॉम्बे रेस्टॉरंट चौक, हायवे ओलांडून एमआयडीसी. सुट्टीला यवतेश्वराचा घाट, नाहीतर कोरेगावचा रस्ता. आपला जिल्हाच असा की पश्चिमेला महाबळेश्वरात वर्षाला ५००० मि.मी.च्या पुढे पाऊस आणि पूर्वेला माण-खटावात त्याच्या दहाव्या हिश्श्याइतका. सायकलीच्या टप्प्यात सुद्धा हा फरक जाणवतो, आणि पाण्याबरोबर मातीही बदलते. घाट चढून कासच्या अंगाला गेलं की जांभ्याचं तांबडं पाणी. पातळ असतं, लांब उडतं, कपड्यावरचा डाग निघता निघत नाही. कोरेगावकडे ट्रॅक्टर रानातून डांबरीवर आला की काळ्या मातीचे ढेकूळ मागे सोडून जातो. ही माती उडत नाही, चिकटते. टायर आणि मडगार्डच्या मधे थर धरते आणि चाक अडवते. तांबड्या पाण्यासाठी मडगार्ड टायरच्या जितका जवळ तितका बरा, काळ्या मातीसाठी जितका लांब तितका बरा. पहिला पेच इथेच आहे.

अटी तीन. अंग आणि चेन कोरडी राहिली पाहिजे, मागून येणाऱ्याला मी दिसलो पाहिजे, आणि सायकल देखणी दिसली पाहिजे. दिसण्याची अट मी शेवटी लिहिली असली तरी तिला सूट नाही.

११ मे

पर्याय बघून झाले.

सीटखालच्या नळीला आणि चिमट्याला अडकवायचे आखूड प्लास्टिकचे मडगार्ड एका मित्राकडून चाचणीपुरते आणले आहेत. रोजच्या वापराला ते नकोत हे आताच ठरलं आहे. चाकाच्या गोलाईशी त्यांचं काही नातं नसतं, मागून चिकटवल्यासारखे दिसतात.

पूर्ण लांबीचे प्लास्टिकचे मात्र खरोखर चांगले. प्लास्टिकच्या थरांमध्ये ॲल्युमिनियमची पातळ पट्टी असते, त्यामुळे आकार धरून राहतात. गंज नाही, खडी लागली तरी आवाज नाही. पुढच्या सळईच्या टोकाला ओढ बसली की सुटणारी क्लिप असते, तिच्याबद्दल पुढे सविस्तर लिहायचं आहे. घाई असेल त्याने डोळे झाकून हेच घ्यावेत.

ॲल्युमिनियमचे, हातोडीच्या ठोक्यांची नक्षी असलेले, जपानची होंजो कंपनी बनवते तसले, हे सगळ्यांत सुंदर. पण महाग, मागवावे लागतात, आणि ॲल्युमिनियमला ताण सहन होत नाही. जरासा ओढूनताणून बसवला की बोल्टच्या भोकापासून तडा जातो. म्हणून ते बसवणारे लोक मधे चामड्याची किंवा रबराची चकती घालतात.

उरला आपल्या गल्लीतला पर्याय: दूधवाल्याच्या मोठ्या काळ्या सायकलीचा लोखंडी मडगार्ड. जड आहे, गंजतो, सैल झाला की खडखडतो. पण त्याची कड बघण्यासारखी असते. पत्रा आतल्या बाजूला गोल मुडपलेला असतो. त्याने पत्र्याला ताठपणा येतो, बाहेरून एक स्वच्छ रेघ दिसते, आणि आत उडालेलं पाणी त्या मुडपणीतून पन्हळीसारखं खाली वाहून जातं, बाजूने ठिबकत नाही. जे देखणं आहे तेच कामाचंही आहे, असं सायकलीत फार कमी ठिकाणी सापडतं. माझा कौल याला.

१३ मे

मोती चौकाच्या बाजूला एका जुन्या दुकानातून लोखंडी जोडी आणली. दुकानातल्या काकांनी आधी सायकल पुढून-मागून बघितली.

“नव्या सायकलीचा मडगार लोकं काढून टाकत्यात, तुमी बसवाय निघालाय. बसंल की. पन ह्याची गोलाई अठ्ठावीस-दीडची हाय, वाकवून घ्यावा लागंल.”

घरी येऊन हिशेब मांडला. अठ्ठावीस-दीड म्हणजे जुन्या काळ्या सायकलीचं २८ × १½ इंची चाक. त्याच्या रिमवर टायर बसतो त्या जागेचा व्यास ६३५ मि.मी., ७०० च्या रिमवर ६२२. टायरची जाडी तिकडे ४०, माझ्याकडे ३५. म्हणजे हबाच्या मध्यापासून टायरच्या माथ्यापर्यंत त्या सायकलीत ३५७.५ आणि माझ्या सायकलीत ३४६. साडेअकरा मिलिमीटरचा फरक. तसाच बसवला तर वर ब्रेकपाशी मडगार्ड टायरजवळ आणि दोन्ही टोकं बाहेर फाकलेली. चालेल, पण दिसायला वाईट. मडगार्ड देखणा की नाही हे रंगावर फार थोडं ठरतं. टायर आणि मडगार्ड यांच्यामधली फट या टोकापासून त्या टोकापर्यंत सारखी आहे का, हे डोळा आधी टिपतो.

फट साधारण १० मि.मी. पुरे असं मानतात. काळ्या मातीचा विचार करून मी १६ धरली. त्याहून जास्त व्ही-ब्रेकखाली मावत नाही. रुंदीचा नियमही साधा आहे: टायरपेक्षा मडगार्ड निदान १० मि.मी. रुंद हवा, नाहीतर पाणी बाजूंनी निसटतं. हा तर बराच रुंद आहे. चिमट्यात दोन्हीकडे जेमतेम जागा राहते, पण घासत नाही.

१८ मे

निळीची चाचणी. पाणी नेमकं कुठून उडतं आणि कुठे जातं हे डोळ्यांनी बघितल्याशिवाय लांबी ठरवायची नव्हती.

कामावरच्या आवारात, शिफ्ट सुटल्यावर, काँक्रीटच्या खोलगट जागेत पाणी ओतलं आणि त्यात कपड्यांची नीळ घट्ट कालवली. फ्रेमच्या तिरक्या नळीवर, पायडलच्या एक्सलभोवती आणि माझ्या दोन्ही नडग्यांवर पांढरा कार्डशीट चिकटपट्टीने गुंडाळला. दर वेळी साधारण सारख्या वेगाने त्या पाण्यातून जायचं आणि कागद बदलायचे.

मडगार्ड नसताना काय होतं ते सगळ्यांना ठाऊक आहे: पाठीवर पट्टा, तोंडावर शिंतोडे. मित्राचे आखूड मडगार्ड लावल्यावर पाठ वाचली. पण एक्सलवरचा आणि नडग्यांवरचा कागद जवळजवळ तितकाच निळा. म्हणजे चेन, एक्सल आणि बूट यांच्यासाठी त्या मडगार्डचा उपयोग नाही.

कारण सोपं आहे. टायरवरून सुटलेला थेंब चाकाच्या कडेला सरळ स्पर्शरेषेत जातो. पुढच्या चाकाचा जो भाग नुकताच जमिनीवरून उचलला जातो, तिथून थेंब मागे आणि किंचित वर सुटतो. बरोब्बर त्याच रेषेत बूट आणि एक्सल असतात. तोच टायर आणखी वर आला की थेंब तिरक्या नळीवर आणि तोंडाकडे जातात. चिमट्याच्याही पुढे सुटलेले थेंब समोर उडतात आणि आपणच पुढच्या क्षणी त्यांच्यात शिरतो. म्हणून पुढचा मडगार्ड चिमट्याच्या पुढेही वीतभर हवा, आणि मागे जमिनीच्या जितका जवळ नेता येईल तितका हवा.

फाईलचं जुनं प्लास्टिकचं कव्हर कापून पुढच्या मडगार्डाच्या टोकाला खाली लटकवलं आणि हळूहळू लांबवत नेलं. टोक जमिनीपासून वीतभर वर असेल तोवर बुटांवर ठिपके येतच राहिले. चार बोटांवर आणलं तेव्हा एक्सलवरचा कागद जवळपास कोरा निघाला. मी तो कागद जपून ठेवला आहे. पाठीवरचा पट्टा लोकांना दिसतो म्हणून सगळे मागच्या मडगार्डवर बोलतात. सायकल टिकणार की नाही आणि पाय कोरडे राहणार की नाही, हे पुढच्या मडगार्डच्या खालच्या टोकावर ठरतं.

२० मे

वाकवण्याचं काम. प्लायवूडवर ३६२ मि.मी. त्रिज्येचा कंस काढून कापून घेतला (३४६ अधिक १६). तोच साचा.

मडगार्ड साच्यावर ठेवून मधल्या भागापासून सुरुवात केली, मग दोन्ही टोकांकडे. दोन्ही हातांनी थोडंसं दाबायचं, सोडायचं, साच्याला लावून बघायचं, चार बोटं पुढे सरकायचं. पत्रा मागे उसळतो, म्हणून हवं त्यापेक्षा अंमळ जास्त वाकवावं लागतं. भोकांच्या जागी पत्रा कमजोर असतो, तिथे जोर केला की लगेच मोड पडते. तिथे आतून लाकडाचा तुकडा धरून मगच दाब दिला. संध्याकाळ गेली, पण मडगार्ड साच्यावर ठेवल्यावर खालून उजेड दिसेनासा झाला.

२५ मे

वळवाने दुपार खाल्ली. रंगाचा विचार केला.

फ्रेमसारखाच हिरवा दिला तर सगळी सायकल एका रंगाचा गठ्ठा होते. चकचकीत निकेल-क्रोम रिमशी आणि तारांशी मिळून येतो, चाक मोठं आणि पूर्ण दिसतं, पण मुलाम्याच्या सूक्ष्म भोकांतून पाणी शिरलं की गंज फोडासारखा वर येतो. घरी पांढऱ्याचा आग्रह झाला, अंधारात दिसेल म्हणून. मुद्दा रास्त, पण यवतेश्वराच्या धुक्यात सगळंच पांढुरकं असतं, निव्वळ पांढरी वस्तू त्यात विरते. काळ्याला लागून पांढरा असला की कड दिसते, आणि डोळा कडेवर ठरतो.

मग जुन्या काळ्या सायकलीचा पांढरा शेपूट तसाच ठेवायचा ठरलं. ती नक्षी नाही. ही रीत आपल्याकडे विलायती सायकलींमधून आली, आणि दुसऱ्या महायुद्धात ब्रिटनमध्ये ब्लॅकआउट असताना मागच्या मडगार्डला पांढरा पट्टा असणं सक्तीचं होतं, अंधारात मागून येणाऱ्या मोटारीला सायकल ओळखू यावी म्हणून. आपल्या गावांतल्या काळ्या सायकलींनी तो पट्टा अजून सांभाळला आहे. नव्या सायकलींनी मडगार्डबरोबर तोही टाकून दिला याचं मला मनापासून वाईट वाटतं.

२७ मे

रंगकाम. जुना रंग पॉलिश पेपरने घासला, आतून-बाहेरून रेड ऑक्साइड प्रायमर. मुडपलेल्या कडेच्या आत ब्रश जात नाही आणि गंज पहिला तिथेच धरतो, म्हणून प्रायमर पातळ करून कडेत ओतला आणि मडगार्ड फिरवत सगळीकडे पोचवला. आतल्या बाजूला जीपच्या बुडाला मारतात तो डांबरी अँटी-रस्ट. गंजासाठी तो आहेच, शिवाय खडीचा टणटणाटही त्याने मंदावतो. बाहेरून काळा, मागे शेवटची वीतभर पांढरी.

१ जून

जोडणी.

१६ मि.मी. जाडीच्या लाकडी पट्टीचे तुकडे करून टायर आणि मडगार्डच्या मधे ठिकठिकाणी अडकवले, मग बोल्ट आवळले. फट आपोआप सारखी येते. सगळे नट नायलॉक (आत नायलॉनची कडी असलेले, हादऱ्याने न सुटणारे), प्रत्येक जोडाखाली जुन्या ट्यूबची कापलेली चकती. मडगार्ड आधी आपल्या जागी मोकळा बसला पाहिजे आणि मग बोल्ट. बोल्टने ओढून जागेवर आणलेला मडगार्ड आज ना उद्या तडकतो, लोखंडाचा सुद्धा.

सळ्या फार लांब आल्या. हॅक्सॉने कापल्या, टोकं कानशीने गोल केली, नाहीतर नडगी फाटते. हँडल वळवून बघितलं: पायडल पुढे असताना बुटाचा चवडा पुढच्या मडगार्डच्या टोकापासून बोटभर अंतरावर राहतो. लहान फ्रेमच्या सायकलीत इथे बूट अडकू शकतो, बसवणाऱ्याने आधी हेच तपासावं.

पुढच्या मडगार्डला ट्रकच्या ट्यूबचा फ्लॅप, जमिनीपासून चार बोटं. खाली जरा रुंद कापला आहे. ट्यूब वाऱ्याने मागे उडू नये म्हणून खालच्या कडेला पातळ पत्र्याची पट्टी रिव्हेट केली. मागच्यालाही फ्लॅप लावला. तो माझ्यासाठी नाही. घाटात मागून येणाऱ्या सायकलवाल्याच्या तोंडावर माझं पाणी उडू नये म्हणून.

३ जून

आता त्या सुटणाऱ्या क्लिपेबद्दल.

पुढच्या चाकाने काटकी, उसाचं वाडं, वायरचा तुकडा असं काही उचललं आणि ते मडगार्डच्या आत ओढलं गेलं, तर मडगार्ड चुरगळत चिमट्याखाली गोळा होतो आणि चाक जागच्या जागी थांबतं. सायकलस्वार हँडलवरून पुढे. लोखंडी मडगार्डला पक्क्या सळ्या असतात, त्यामुळे हा धोका लोखंडाला जास्त. प्लास्टिकचे चांगले मडगार्ड या एका बाबतीत पुढे आहेत आणि ते मान्य केलंच पाहिजे.

म्हणून पुढच्या सळ्या चिमट्याला बोल्टने जोडल्या नाहीत. कारच्या बंपरला लागतात तशा दाबून बसणाऱ्या प्लास्टिकच्या क्लिपा घेतल्या, चिमट्याच्या भोकाशी एक छोटी पट्टी बोल्टने बसवली आणि सळईचं टोक त्या पट्टीला क्लिपेने अडकवलं. सायकल स्टँडला टांगली, चाक हाताने जोरात फिरवलं आणि मागच्या बाजूने बांबूची कामटी आत सारली. क्लिप टचकन सुटली, मडगार्ड वर उचलला गेला, कामटी बाहेर पडली, चाक फिरत राहिलं. दोन्ही बाजूंनी पुन:पुन्हा करून बघितलं. एका जातीची क्लिप फार घट्ट निघाली, ती टाकून दिली. मऊ जातीची ठेवली आणि मूठभर जास्तीच्या आणून सीटखालच्या पिशवीत टाकल्या.

१५ जून

पाऊस लागला. रोजची वाट कोरड्या बुटांनी. पोवई नाक्यापाशी साठलेल्या पाण्यातून आलो, पॅन्टच्या कडेला तेवढा ओलावा. खडखड नाही.

२९ जून

दिसण्याची चाचणी, यवतेश्वराच्या घाटात, सकाळी, धुकं उतरलेलं असताना. कामावरचे दादा मोटरसायकलवर मागे राहिले, कधी दिवा लावून, कधी बंद करून. वर पोचल्यावर चहाच्या टपरीत त्यांच्याकडून सगळं काढून घेतलं.

सीटच्या नळीवरचा माझा लाल दिवा त्यांना दिसलाच नाही. “अरे, तुझ्या रेनकोटाच्या शेपटाखाली गेलाय तो. मला आधी तो पांढरा पट्टा दिसला, मग लाल रिफ्लेक्टर.” रिफ्लेक्टर फक्त त्यांचा दिवा लागलेला असतानाच चमकला. तो उजेड स्वतः तयार करत नाही, आलेला परत पाठवतो. समोरच्याने दिवा लावला नसेल तर पांढरा रंग आणि स्वतःचा दिवा एवढाच आधार.

दुसरी गोष्ट मी उतरून बघितली. सीटखालच्या नळ्या चिखलाने बरबटल्या होत्या, पण मडगार्डचा बाहेरचा पृष्ठभाग बऱ्यापैकी स्वच्छ होता. स्वतःच्या चाकाचा चिखल आत राहतो, बाहेर येत नाही. फक्त खालची चार बोटं मळली होती. म्हणजे दिव्याची आणि रिफ्लेक्टरची जागा मागच्या मडगार्डवर, हबाच्या उंचीच्या जरा वर. तिथे रेनकोट पोचत नाही, कॅरिअरवरची पिशवी आड येत नाही आणि चिखलही लागत नाही.

२ जुलै

दिवा मडगार्डवर आणला. आतून मोठा वायसर, बाहेरून रबर, म्हणजे पत्रा हादऱ्याने तडकणार नाही. त्याच्या खाली लाल रिफ्लेक्टर, मग पांढरा भाग सुरू. मडगार्डच्या दोन्ही बाजूंना पिवळ्या रेट्रो-रिफ्लेक्टिव्ह टेपची बोटभर पट्टी, पुढच्या मडगार्डच्या नाकावर पांढऱ्याची. ट्रकला हाच क्रम असतो: पुढे पांढरी, बाजूला पिवळी, मागे लाल. रस्त्यावरच्या ड्रायव्हरच्या डोळ्याला ती भाषा सवयीची आहे, सायकलीने वेगळी बोलायचं कारण नाही.

टेप लावताना कडा मडगार्डच्या मुडपणीला समांतर ठेवल्या. तिरकी टेप सगळी मेहनत घालवते.

६ जुलै

कोरेगाव रस्ता, काळी माती. एका वळणावर ट्रॅक्टरने रस्ता माखून ठेवला होता. १६ मि.मी. फटीत माती शिरली, थर धरला, पण चाक अडलं नाही. पुढे ओल्या डांबरीवर थोडं अंतर गेल्यावर बरीचशी आपोआप गळाली. ब्रेकखाली मात्र गोळा राहिला, तो काडीने काढावा लागला. अख्ख्या मडगार्डमध्ये अरुंद जागा तेवढीच आहे. शेताच्या कच्च्या वाटेने रोज जाणाऱ्याने पुढचा मडगार्ड भर पावसात उतरवून ठेवावा हेच योग्य. डांबरीवरच्या वापराला एवढी फट पुरते.

२० जुलै

कास रस्त्याने भर पावसात जाऊन आलो. आल्यावर चेनवरून बोट फिरवलं: तेल होतं, रेती नव्हती. पूर्वी अशा फेरीनंतर चेन करकरायची आणि त्याच दिवशी रॉकेलने धुवावी लागायची. तिरक्या नळीवरचा हिरवा रंग कोरा. पाठीला पट्टा नाही. पुढचा फ्लॅप उतारावर थोडा मागे उडतो, म्हणून खालची पत्र्याची पट्टी बदलून जरा जड लावणार.

वजनाचंही लिहून ठेवतो. लोखंडी जोडी मित्राच्या आखूड जोडीपेक्षा बरीच जड आहे आणि घाट चढताना ते कळतं. मला ते वजन चालतं. ज्याला नको त्याने पूर्ण लांबीचे प्लास्टिकचे घ्यावेत, पुढे लांब फ्लॅप जोडावा आणि मागच्या टोकाला पांढरा रंग द्यावा. तीनही अटी त्यातही भागतात.

३ ऑगस्ट

प्लायवूडचा साचा दुकानातल्या काकांनी मागून घेतला. कॉलेजच्या एका पोरीच्या सायकलीला असेच मडगार्ड हवेत म्हणाले, टायर तोच, ७०० × ३५. त्यांना क्लिपांची जात आणि फ्लॅपचं माप लिहून दिलं. फ्लॅप चार बोटांपेक्षा वर घेऊ नका, दिसायला लांब वाटला तरी, एवढं बजावून सांगितलं.

राहिलेलं काम: दसऱ्याला सायकल खोलायची तेव्हा मडगार्ड उतरवून मुडपणीच्या आतला प्रायमर तपासायचा, सुटला असेल तर पुन्हा ओतायचा. क्लिपा दर पावसाळ्याला नव्या.